साफी बांधलेला माणूस

सतीशभाऊजी,

तुम्ही गेलात त्या दुपारी तुमचा फोन माझ्या पर्समध्ये होता आणि तो वाजायचा थांबत नव्हता. शेवटी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून मी उचलला. बबीना गावचे लग्नवाले होते. "भैया, साऊंड कब तक पहुँचेगा? बारात निकलने को है." मी म्हटलं, "पहुँच रहा है." मग तुमच्या रामस्वरूपला फोन केला. तुम्ही दुकानासमोर पडलात तेव्हा अर्धे स्पीकर गाडीत चढले होते आणि अर्धे बड्या बाजारच्या रस्त्यावर होते. त्याला सांगितलं, उरलेले चढव आणि नीघ, आणि तिथे कुणाला काही बोलू नकोस, त्यांच्या घरी आज लग्न आहे. तो फोनवर रडत होता. मी म्हटलं, रड, पण गाडी सावकाश चालव.

तुमचे दादा नंतर मला म्हणाले, "तुला हे सुचलं तरी कसं?" दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून हे सुचलं. माझं असंच आहे, तुम्हाला माहीत आहे. घरात काही घडलं की मी कागद घेऊन बसते. तुमच्या वेळीही बसले. भटजी, बर्फ, सांगलीला आणि नागपूरला कळवणं, मृत्यूचा दाखला, दुकानाच्या पुढच्या ऑर्डरी कुणाकडे वळवायच्या ते. लग्न होऊन झाशीला आले तेव्हापासून तुम्ही माझ्या याद्यांची चेष्टा करत आलात. "वहिनी की लिस्ट में नहीं है, तो समझो दुनिया में नहीं है." आता यादीत खोडण्यासारखं फारसं उरलेलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे. म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्या अस्थी घरी आणल्या त्या दिवशी ऋचा माझ्या खोलीत आली. तुमची मुलगी रडली नव्हती, अजूनही रडलेली नाही. तिने विचारलं, "काकू, पापा का कोई वीडियो है आपके पास?"

मी म्हटलं, असेलच की. इतकी लग्नं, मुंजी, मराठी समाजाचे इतके गणपती. बसलो दोघी. माझा फोन, तुमचा फोन, तिच्या आईचा, मीनाचा फोन, दादांचा जुना लॅपटॉप. भाऊजी, तुम्ही कुठेच नाही. अख्ख्या झाशीच्या लग्नांना तुम्ही आवाज दिलात आणि एकाही लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही नाही. तुम्ही कायम कनातीच्या मागे, मिक्सरपाशी. घरच्या वाढदिवसांना फोन तुमच्या हातात. ऋचा पाच वर्षांची असतानाचं एक चित्रीकरण सापडलं, त्यात तुमचा आवाज आहे: "इधर देख बेटा, केक मत देख, इधर." पोर बघते आहे, हसते आहे, आणि ती ज्याच्याकडे बघून हसते आहे तो चौकटीबाहेर उभा आहे. फोटो आहेत, भिंतीवर हार घातलेला आहेच. पण चालणारे, हात हलवणारे, वाद घालणारे तुम्ही नाही.

शेवटी ऋचाच म्हणाली, "भोपाल वाला तो है ना."

भोपाळवाल्यावरून तुमचं माझं गेली कित्येक वर्षं भांडण चालू होतं.

'लोहपथ' तुमचा कॉलेजपासूनचा बँड. मी सांगलीहून आलेली, नाट्यसंगीतावर वाढलेली. मला ते गाणं म्हणजे कारखान्यात क्रेन पडल्यासारखं वाटायचं आणि मी ते तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही तर कारखान्यातच काम करता. तुम्हाला तर आवडायला पाहिजे." तर हा बँड भोपाळला मैदानात वाजवायला आला. ऐन लग्नसराई होती. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऑर्डर रामस्वरूपवर सोडलीत आणि एकटे रेल्वेत बसलात. थंडी होती म्हणून आईंनी निघताना तुमच्या गळ्यात निळ्या चौकटीची साफी टाकली. इकडे शेतकऱ्यापासून ऑटोवाल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या खांद्यावर असतो तो सुती गमछा. मी डबा दिला होता. डबा तसाच परत आला आणि तुमचा आवाज तिकडेच राहिला. दोन दिवस तुम्ही घरात हातवाऱ्यांनी बोलत होतात आणि वेड्यासारखे हसत होतात. आईंना वाटलं तुम्हाला कुणी काहीतरी पाजलं.

त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं होतं. त्याचा सिनेमा निघाला. मोठ्या शहरांत लागला आणि उतरला, झाशीपर्यंत आलाच नाही. मग बँडही फुटला. तुमच्याकडे कुणाकडून तरी फोनवर एक कॉपी आली, कुणीतरी थिएटरात बसून उतरवलेली, धुरकट. एका संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात धावत आलात.

"वहिनी, ये देखो. ये मैं हूँ."

सिनेमाच्या मध्यावरचं लांबलचक गाणं. कॅमेरा गर्दीवरून जातो आणि क्षणभर एका माणसावर थांबतो. डोक्याला काहीतरी बांधलेलं, दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"कशावरून?"

"साफी देखो ना!"

"झाशीत दर दुसऱ्या माणसाकडे ही साफी आहे."

"ये झाँसी नहीं है. भोपाल है."

"मग भोपाळात काय साफ्या मिळत नाहीत?"

"अरे, हाथ देखो. मैं ऐसेच हात करतो."

"तुम्ही असे हात करता ते रामस्वरूपला जनरेटर बंद कर म्हणून सांगायला."

मीना हसून हसून पोळी करपवून बसली. पण तुम्ही दुखावला होतात, ते मला दिसलं होतं. मग जेवताना तुम्ही मला समजावत राहिलात. मी विचारलं होतं, गाणं घरी ऐकता येतं, प्रत्यक्ष जाऊनही आलात, मग त्याचा सिनेमा कशाला बघायचा? तुम्ही म्हणालात की मैदानात बँड मुंगीएवढा दिसतो. समोर लोकांची डोकी दिसतात. आपण काय करतोय हे आपल्यालाही कळत नाही. सिनेमात कळतं. गाणारा मध्येच शब्द विसरतो आणि मैदान ते शब्द त्याला देतं, हे तिथे उभं राहून समजत नाही, पडद्यावर समजतं. "फिल्म बँडची नाही आहे वहिनी. फिल्म हमारी है."

मी म्हटलं, "म्हणजे आरशात बघायला तिकीट काढायचं."

"हो," तुम्ही म्हणालात. "मग? ज्यांना कोणी बघत नाही ते काय करणार?"

त्यावर मी काहीतरी बोलले असणार, मी कधी शेवटचा शब्द सोडत नाही. काय बोलले ते आठवत नाही. तुमचं वाक्य आठवतं.

या वर्षी बातमी आली की तो सिनेमा एका दिवसासाठी पुन्हा लावणार आहेत. झाशीचं नाव यादीत नव्हतं. मग तुम्ही जे केलंत ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या सासरी माझ्याइतकं पद्धतशीर आणखी कुणी आहे. मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला तुम्ही रोज गाठत होतात. तो म्हणायचा, "सतीश भैया, यहाँ कौन देखेगा?" तुम्ही माणसं जमवलीत. रेल्वे कॉलनीतला तिवारी, बबीना छावणीतले सुभेदार मोरे आणि त्यांच्या ओळखीचे जवान, मेडिकल कॉलेजची पोरं, एक फोटोस्टुडिओवाला. हे सगळे एकाच बँडचे वेडे आणि याआधी एकमेकांना न भेटलेले. दुपारचा एक खेळ मिळाला. तुम्ही पेढे घेऊन आलात.

"आता मोठ्या पर्द्यावर फैसला, वहिनी. मी निघालो तर महिनाभर पुरणपोळी."

"आणि नाही निघालात तर?"

"तर गणपतीत माइकवर बोलीन, वहिनी सही थीं."

गणपतीतला माइक. मी स्टेजवर निवेदनाला यायच्या आधी तुम्ही कुणाला न कळता तो माझ्या उंचीला आणून ठेवायचात. इतकी वर्षं मला वाटायचं स्टँडच तसा आहे. एका वर्षी तुम्ही आजारी होतात, दुसऱ्या कुणीतरी साऊंड लावला, आणि मी टाचा उंचावून बोलले. आभार मानायचं मनात होतं, ते राहून गेलं.

खेळ तुमच्या तेराव्याच्या आत आला.

तिवारीचा फोन आला, "भाभीजी, कैंसल करवा दें?" मी म्हटलं, थांबा, सांगते. दादा क्रियेला बसलेले, त्यांना उंबरा ओलांडायचा नव्हता. मी आईंना विचारायला गेले, आणि विचारायच्या आधीच त्यांना कळलं होतं, कारण ऋचाने जायचे कपडे काढून ठेवले होते.

"सुतकात थेटरात? देवदर्शनाला जात नाही आपण या दिवसांत, शेजारच्याच्या चहाला जात नाही, आणि तुम्ही नाचगाणं बघायला जाणार? काय म्हणेल मोहल्ला?"

ऋचा म्हणाली, "आजी, नाचगाना नहीं, पापा को देखने जा रही हूँ."

"पप्पा नाहीत तिथे. पप्पा गेले."

"उसमें हैं."

मी मीनाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "वहिनी, तुम्ही घेऊन जा तिला. मी नाही येत. नसले तर काय करू मी?" इतकी वर्षं ती तुमच्याच बाजूने होती, भाऊजी, प्रत्येक वेळी. तिच्या मनातही शंका होती हे मला तेव्हा कळलं.

मी आईंना म्हटलं, "परत आलो की आंघोळ करू, कपडे भिजवू. जे काही लागत असेल ते मला लागू दे. पण हा खेळ पुन्हा होणार नाही." आईंनी तोंड फिरवलं. "जा. काय बघितलंत ते मला येऊन सांगू नका."

आम्ही खंडेराव गेटपासून ऑटो केली. थिएटरच्या दारात गोंधळ चालला होता. तुमची सगळी माणसं डोक्याला साफ्या बांधून आली होती. तिवारी, स्टुडिओवाला, मेडिकलची पोरं, आणि मोरेसाहेब तर गणवेशात असल्यासारखे ताठ उभे, डोक्याला साफी. सिक्युरिटीवाला विचारत होता, "जुलूस है क्या?" मोरेसाहेब मला म्हणाले, "वहिनी, सतीशरावांचा हुकूम होता, साफी बांधून यायचं. शोधायला सोपं जाईल म्हणून नाही, शोभा म्हणून." आणि तोंड फिरवून त्यांनी ऋचाला तिकीट दिलं.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच गाण्याला मला कळलं की आवाज कमी आहे. मला कळलं, भाऊजी! तुमच्या घरात राहून कान इतके तयार झालेत. मी उठून बाहेर गेले. ऑपरेटर म्हणाला, "मैडम, इतना ही रखते हैं, फैमिली ऑडियंस रहती है."

मी म्हटलं, "फैमिली हम ही हैं. बढ़ाइए."

वाढवला. खुर्ची थरथरायला लागली, छातीत धडधड व्हायला लागली. मला ते गाणं अजूनही आवडत नाही, खोटं सांगणार नाही. पण तुमचं म्हणणं मला अर्धं पटलं. गाणारा थकलेला दिसत होता. घाम पुसून झाल्यावर तो क्षणभर माइकला धरून नुसता उभा राहिला, आणि खालचं मैदान त्याच्यासाठी गात राहिलं. हे तिथे मुंगीएवढं दिसलं असतं. कॅमेरा गर्दीकडे वळला की आमच्या हॉलमधले सगळे एकदम पुढे वाकायचे. पडद्यावर बँड होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे तुम्हाला शोधत होते.

मग ते लांब गाणं आलं. ऋचाने माझं मनगट धरलं. तिवारी मागून म्हणाला, "अब." आणि दिवे लागले.

मध्यंतर. गाण्याच्या ऐन मधोमध. या सिनेमाला मध्यंतर नाहीच, पण आपल्याकडे समोसे विकायचे तर कुठेतरी कापावाच लागतो, आणि त्यांनी बरोबर अर्ध्यावर कापला. मेडिकलची पोरं ओरडत बाहेर गेली, तिवारी ऑपरेटरला नको ते बोलला. पडद्यावर समोशाची जाहिरात. ऋचा हलली नाही. तिने माझं मनगट सोडलं नव्हतं.

"काकू, अगर नहीं हुए तो?"

"तर आपल्याला कळेल," मी म्हटलं.

दिवे गेले. गाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू झालं. कॅमेरा डोक्यांवरून सरकला आणि थांबला, आणि तो माणूस भिंतीएवढा मोठा होऊन आमच्यासमोर आला.

भाऊजी, तो तुम्ही नाही.

कोवळा मुलगा आहे, पंचविशीचा असेल. कानात बाळी. हनुवटीवर विरळ दाढी. डोक्याला साफी नाहीच, बँडच्या नावाची काळी पट्टी आहे, मैदानावर विकत मिळाली असेल. निळ्या चौकटी हा त्या धुरकट कॉपीतला भास होता. तो डोळे मिटून जीव तोडून गातो आहे, कुणाचातरी मुलगा, आणि मला त्याचा इतका राग आला की मी माझ्या खुर्चीचा दांडा धरून ठेवला.

मागून तिवारी उभा राहिला. "भैया हैं! भैया ही हैं!" मग सगळे उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. मोरेसाहेबांनी हात वर केले. तो तुम्ही नाही हे सगळ्यांना दिसलं होतं, प्रत्येकाला. पोरीसाठी करत होते. चांगली माणसं जमवलीत तुम्ही.

ऋचाने पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "काकू, ये पापा नहीं हैं."

"नाहीत," मी म्हटलं.

तिने माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "आप जीत गईं."

मी जिंकले. कुणाशी? तुम्ही असतात तर मान्य केलं नसतंत. म्हणाला असतात, वहिनी, प्रोजेक्टर खराब आहे. ग्वाल्हेरला जाऊन बघू. आणखी दहा वर्षं आपण भांडलो असतो, पोळ्या करपल्या असत्या. तुम्ही हे बघायच्या आधी गेलात ते बरं झालं, असं दोघातिघांनी मला नंतर सांगितलं. मला ते म्हणवत नाही. तुम्ही तिथे बसून हरायला हवं होतंत. हरून, चिडून, साफी आपटून, आमच्याबरोबर ऑटोने घरी यायला हवं होतंत.

आम्ही शेवटपर्यंत बसलो. उरलेल्या गाण्यांत ऋचा दर वेळी गर्दीत बघत राहिली, अगदी कोपऱ्यातल्या डोक्यांतसुद्धा. मीही बघितलं. नावं सुरू झाल्यावर दिवे लागले, तेव्हा मोरेसाहेब जवळ येऊन म्हणाले, "दिसले ना बेटा?" ती म्हणाली, "जी अंकल. थँक्यू." एवढं तुमच्याच वळणाचं आहे तिच्यात. समोरच्याचा कार्यक्रम बिघडू द्यायचा नाही.

घरी आलो तर आई ओट्यावर उभ्या होत्या. एरवी या वेळी त्या आत पडून असतात. ठरल्याप्रमाणे आम्ही बाहेरच थांबलो. त्यांनी आमच्या पायावर पाणी घातलं, आधी ऋचाच्या, मग माझ्या. मला वाटलं आता बोलतील, सुतकाचं, मोहल्ल्याचं. त्या तांब्या हातात धरून उभ्या राहिल्या.

"दिसला का गं?"

ऋचा खाली बघत म्हणाली, "नहीं आजी. वो कोई और था."

आई माझ्याकडे वळल्या. "मग माझा कुठे होता?"

भाऊजी, उत्तर मला ठाऊक होतं. तुम्ही गेला होतात, डबा मी दिला होता, बसलेला घसा मी ऐकला होता. मी म्हटलं, "तिथेच होता, आई. त्याच मैदानात. कॅमेरा त्याच्याकडे वळला नाही."

त्यांनी उरलेलं पाणी ओट्याखाली ओतलं आणि तांब्या पालथा ठेवला.

"वळायला हवा होता," त्या म्हणाल्या.